जॉन केड

जॉन फ्रेडरिक जोसेफ केड (जन्म : १८ जानेवारी १९१२, मर्टोआ, व्हिक्टोरिया, मृत्यू : १६ नोव्हेंबर १९८०, मेलबर्न) हे ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ होते. उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमच्या क्षारांचा गुणकारी परिणाम होतो, हे त्यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले. आधुनिक मनोविकार-औषधशास्त्राचा आरंभ अनेक अभ्यासक या निबंधापासून मानतात. क्लोरप्रोमाझीन हे मनोविकारांवरील पहिले व्यापक वापराचे औषध त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी आले. केड यांना लिथियमकडे नेणारा धागा मात्र रुग्णांमध्ये नव्हे, तर गिनीपिगांच्या वागणुकीतील एका अनपेक्षित बदलात सापडला होता.

== बालपण आणि शिक्षण ==

केड यांचे वडील डेव्हिड केड हे डॉक्टर होते. पहिल्या महायुद्धात गॅलिपोली व फ्रान्स येथील आघाड्यांवर सेवा बजावून परतल्यावर त्यांना खाजगी व्यवसाय झेपेनासा झाला. त्यांनी तो सोडला आणि व्हिक्टोरिया राज्याच्या मानसिक आरोग्य खात्यात नोकरी पत्करली. त्यामुळे जॉन व त्यांच्या भावंडांचे बालपण मनोरुग्णालयांच्या आवारातील निवासस्थानांत गेले. समाज ज्यांना भिऊन दूर ठेवत असे, असे रुग्ण या मुलांना रोज दिसणारे, ओळखीचे शेजारी होते. मनोरुग्ण हा इतर रुग्णांसारखाच शरीराने आजारी असलेला माणूस आहे, ही केड यांची पुढील काळातील ठाम धारणा या सहवासात रुजली असावी.

मेलबर्नच्या स्कॉच कॉलेजात शालेय शिक्षण घेऊन त्यांनी मेलबर्न विद्यापीठातून १९३४ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवली. रुग्णालयात उमेदवारी करताना त्यांना दोन्ही फुप्फुसांचा गंभीर न्यूमोनिया झाला. त्या आजारपणात त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका जीन चार्ल्स यांच्याशी त्यांनी १९३७ मध्ये विवाह केला. वडिलांप्रमाणेच तेही मनोविकारशास्त्राकडे वळले होते. १९३८ मध्ये त्यांनी एम.डी. पदवी संपादन केली.

== युद्धकैद ==

१९४० मध्ये केड ऑस्ट्रेलियन सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ते युद्धकैदी झाले. सप्टेंबर १९४५ पर्यंतची सुमारे साडेतीन वर्षे त्यांनी चांगी येथील छावणीत काढली. उपासमार व जीवनसत्त्वांचा अभाव यांमुळे कैद्यांच्या शरीराबरोबर मनही ढासळताना त्यांनी पाहिले. विक्षिप्त वागणाऱ्या काही कैद्यांच्या मृत्यूनंतर केलेल्या शवविच्छेदनात मेंदूतील शारीरिक बिघाड आढळला. यातून त्यांच्या मनात एक तर्क आकारास आला. अवटू ग्रंथीचा स्राव वाढला तर माणूस अस्वस्थ व उत्तेजित होतो, कमी झाला तर मंद होतो. त्याच न्यायाने उन्माद म्हणजे शरीरात तयार होणाऱ्या एखाद्या द्रव्याचा अतिरेक आणि खिन्नता म्हणजे त्याचाच अभाव असेल काय? अतिरेक असल्यास ते द्रव्य मूत्रावाटे बाहेर पडत असले पाहिजे, असे त्यांनी गृहीत धरले.

== गिनीपिगांवरील प्रयोग ==

युद्धानंतर केड मेलबर्नजवळील बंडूरा येथे, माजी सैनिकांसाठीच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तेथे त्यांना अनुदान, सहायक वा सुसज्ज प्रयोगशाळा यांपैकी काहीही नव्हते. रुग्णालयातील वापरात नसलेली स्वयंपाकघराची खोली हीच त्यांची प्रयोगशाळा झाली. रुग्णांच्या मूत्राचे नमुने ते घरच्या शीतकपाटात, कुटुंबाच्या खाद्यपदार्थांशेजारी ठेवत.

उन्माद, छिन्नमनस्कता व खिन्नता या विकारांच्या रुग्णांचे, तसेच निरोगी व्यक्तींचे मूत्र ते गिनीपिगांच्या उदरपोकळीत टोचत. पुरेशी मात्रा दिल्यास सर्वच नमुन्यांनी प्राणी दगावत, पण उन्मादाच्या काही रुग्णांचे मूत्र विशेष विषारी ठरले. मारक घटक युरिया असल्याचे लवकरच उघड झाले. परंतु उन्मादाच्या रुग्णांच्या मूत्रात युरिया अधिक नव्हता. तेव्हा युरियाची तीव्रता वाढवणारे दुसरे काहीतरी असावे, असा केड यांचा अंदाज झाला आणि संशय युरिक आम्लावर गेला.

युरिक आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे ते टोचणे अवघड होते. त्याच्या क्षारांपैकी लिथियम युरेट सर्वांत विद्राव्य असल्याने केवळ सोय म्हणून केड यांनी ते निवडले. परिणाम उलटाच झाला. युरियाची विषारीता वाढण्याऐवजी कमी झाली. ही किमया युरेटची की लिथियमची, हे ठरवण्यासाठी त्यांनी लिथियम कार्बोनेटचे ०.५ टक्के द्रावण एकटेच टोचून पाहिले. सुमारे दोन तासांनी प्राणी सुस्त झाले. एरवी गिनीपिग अत्यंत बुजरा असतो. त्याला उताणे केले तर तो जिवाच्या आकांताने धडपडून पालथा होतो. हे प्राणी मात्र जागे असूनही उताणे ठेवले तर तसेच शांत पडून राहत. एक-दोन तासांनी त्यांची हालचाल पूर्ववत होई.

या निरीक्षणाचा अर्थ कसा लावावा, यावर पुढे बरीच चर्चा झाली. मोठ्या मात्रेमुळे प्राण्यांना लिथियमची विषबाधा झाली होती आणि केड यांना शामक वाटलेली स्थिती ही वस्तुतः आजारपणाची ग्लानी होती, असे आज अनेकांना वाटते. या शंकेला वर्तनशास्त्रातूनही बळ मिळते. उंदराला सॅकरिनचे गोड पाणी पाजून पाठोपाठ लिथियम क्लोराईड टोचले, तर तो पुढे त्या चवीलाच टाळतो. मळमळ निर्माण करणारे द्रव्य म्हणून लिथियम क्लोराईड या प्रकारच्या प्रयोगांत सर्रास वापरले जाते. दुसरीकडे, अँफेटामीन देऊन अतिचंचल केलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांची धावपळ लिथियम कमी करते आणि उन्मादाचे प्राणी-प्रारूप म्हणून ही चाचणी आजही वापरात आहे. प्राण्याच्या स्तब्धतेवरून औषध शामक आहे की केवळ अपायकारक, हे ओळखणे किती कठीण असते याचे केड यांचे गिनीपिग हे बोलके उदाहरण ठरावे. मूळ गृहीतक टिकले नाही, निरीक्षणाचा अर्थही बहुधा चुकला, तरी त्यातून निघालेले औषध खरे ठरले.

== रुग्णांवरील उपचार ==

लिथियम वैद्यकाला नवे नव्हते. १८१७ मध्ये शोधल्या गेलेल्या या धातूचे क्षार एकोणिसाव्या शतकात संधिवातासारख्या विकारांवर दिले जात. मात्रा सुरक्षित आहे की नाही हे पाहण्यासाठी केड यांनी प्रथम स्वतः लिथियम घेतले. त्यानंतर मार्च १९४८ मध्ये त्यांनी पाच वर्षे सतत उन्मादावस्थेत असलेल्या ५१ वर्षांच्या एका रुग्णावर उपचार सुरू केले. वॉर्डातील सर्वांत त्रासदायक मानला गेलेला हा अस्वच्छ, गोंगाटी माणूस काही आठवड्यांत निवळला. जुलैमध्ये तो घरी गेला आणि आपल्या जुन्या कामावर रुजू झाला.

केड यांनी उन्मादाचे दहा, छिन्नमनस्कतेचे सहा व खिन्नतेचे तीन अशा रुग्णांना लिथियम दिले. उन्मादाच्या रुग्णांत ठळक सुधारणा झाली. छिन्नमनस्कतेच्या काही रुग्णांची अस्वस्थता तेवढी कमी झाली, तर खिन्नतेवर परिणाम दिसला नाही. म्हणजे लिथियम हे सर्वांना सारखेच गुंगवणारे औषध नव्हते. तुलनेसाठी नियंत्रण गट नसलेला हा छोटेखानी अहवाल सप्टेंबर १९४९ मध्ये ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यशाची बाजू एवढीच नव्हती. पहिल्या रुग्णाने घरी गेल्यावर औषध सोडले आणि त्याचा विकार उलटला. पुन्हा लिथियम सुरू झाले, पण या वेळी विषबाधेची लक्षणे दिसू लागली. औषध थांबवले की उन्माद बळावे, दिले की शरीर खचे. अखेर १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेनेच त्याचा मृत्यू झाला. याच सुमारास अमेरिकेत मिठाला पर्याय म्हणून लिथियम क्लोराईड वापरणाऱ्या हृदयरोग्यांचे मृत्यू ओढवले आणि १९४९ मध्ये तेथे त्यावर बंदी आली. केड यांनीही काही काळ लिथियमचा वापर थांबवला. आपल्या नावावर जमा होणारे औषध आपणच बाजूला ठेवण्याचा हा निर्णय त्यांच्या चरित्रकथनात अनेकदा दुर्लक्षिला जातो.

== लिथियमचा पुढील प्रवास ==

औषधाची गुणकारी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे होते. हा प्रश्न मेलबर्नमध्येच एडवर्ड ट्राउटनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील लिथियमचे प्रमाण मोजून सोडवण्याचा मार्ग दाखवला. सध्या हे प्रमाण साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल राखले जाते, १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका वाढतो. डेन्मार्कमध्ये मॉगेन्स शाऊ यांनी १९५४ साली नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे पॉल बास्ट्रुप यांच्यासह त्यांनी लिथियम उन्माद व खिन्नता यांच्या पुनरावृत्तीलाही आळा घालते, हे दाखवले. ब्रिटनमधील काही तज्ज्ञांनी या दाव्यावर कठोर टीका केली. तिला उत्तर म्हणून झालेल्या अधिक काटेकोर चाचण्यांनी लिथियमचीच बाजू भक्कम केली. निसर्गात आढळणाऱ्या मूलद्रव्याचे एकस्व घेता येत नसल्याने औषध कंपन्यांना त्यात फारसा रस नव्हता. अमेरिकेत उन्मादावरील औषध म्हणून त्यास १९७० मध्ये मान्यता मिळाली.

== उत्तरायुष्य ==

१९५२ ते १९७७ या काळात केड मेलबर्नच्या रॉयल पार्क मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. तेथे त्यांनी समूहोपचारासारख्या पद्धतींना वाव दिला. मद्यपानामुळे उद्‌भवणाऱ्या तीव्र मनोविकारांत थायमिन मोठ्या मात्रेत द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. चांगीतील अनुभवाशी त्याचा संबंध जोडता येतो. स्ट्रॉन्शियमसारख्या अन्य मूलद्रव्यांचेही त्यांनी प्रयोग केले. त्यांतून लिथियमच्या तोडीचे काही हाती लागले नाही.

१९७४ मध्ये त्यांना शाऊ यांच्यासमवेत किट्टे आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९७६ मध्ये ते ‘ऑफिसर ऑफ द ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ झाले. मनोविकारशास्त्राच्या विसाव्या शतकातील इतिहासावर त्यांनी लिहिलेले ‘मेंडिंग द माइंड’ हे पुस्तक १९७९ मध्ये प्रकाशित झाले. पुढच्याच वर्षी अन्ननलिकेच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे पत्नी व चार मुलगे होते.