पूर्वेकडे निघालेली मुलं

परदेशी शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? जीआरईचा स्कोअर, टोफेल, बँकेचं कर्ज आणि व्हिसाची रांग. पण १९०५ च्या सुमारास एका देशातली मुलं परदेशी शिकायला गेली ती चक्क चोरून, नाव आणि वेष बदलून. पत्ता लागला तर मागे राहिलेल्या आईवडिलांना तुरुंग! तो देश व्हिएतनाम. या मुलांना पाठवणारा माणूस होता फान बोई चाऊ. आणि हा माणूस स्वतः मात्र कुठल्याही परदेशी कॉलेजात शिकला नाही.

फान बोई चाऊ यांचा जन्म १८६७ मध्ये न्घे आन प्रांतात झाला. वडील शिक्षक, पण घरची परिस्थिती बेताचीच. देश एकेका लचक्याने फ्रेंचांच्या घशात जात होता. १८८५ मध्ये बंडाची हाक आली तेव्हा जेमतेम सतरा-अठरा वर्षांच्या या पोराने परीक्षेची तयारी करणारे साठेक विद्यार्थी जमवून विद्यार्थी-सेनाच काढली. हत्यारं हाती येण्याआधीच फ्रेंच सैन्य येऊन ठेपलं आणि सेना पांगली. पुढची कित्येक वर्षं शिकवण्या करणं आणि आजारी वडिलांची सेवा करणं यातच गेली.

त्या काळी सरकारी नोकरीचा रस्ता चिनी लिपीतल्या परीक्षांमधून जायचा. १८९७ मध्ये परीक्षेला जाताना फान यांच्या सामानात कागद सापडले. म्हणजे आपल्या भाषेत सरळ कॉपी केस! ते कागद एका मित्राने ठेवले होते असं सांगतात. शिक्षा काय, तर जन्मभर परीक्षेला बंदी. एटीकेटी वगैरे भानगड तिथे नव्हती. पुढे बंदी उठली आणि १९०० मध्ये हाच माणूस प्रांताच्या परीक्षेत पहिला आला. आता मोठी नोकरी सहज मिळाली असती, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. पहिल्या नंबराचा उपयोग केला तो लोकांची दारं उघडून घेण्यासाठी. १९०४ मध्ये त्यांनी साथीदारांसह एक गुप्त संघटना उभी केली आणि राजघराण्यातले कुओंग दे यांना तिचं प्रमुख केलं.

त्याच वेळी जपानने रशियाशी युद्ध मांडलं होतं आणि जपान जिंकत होता. एका आशियाई देशाने युरोपच्या बलाढ्य सत्तेला लोळवलं, याने सगळा आशिया चकित झाला. १९०५ मध्ये फान गुपचूप जपानला पोहोचले ते शस्त्रं मागायला. जपानी भाषेचा गंध नव्हता. पण चिनी अक्षरं दोघांनाही वाचता येत, म्हणून सगळं बोलणं कागदावर! योकोहामात त्यांना चिनी विचारवंत लियांग छीछाओ भेटले. त्यांच्या ओळखीने माजी पंतप्रधान ओकुमा आणि पुढे पंतप्रधान झालेले इनुकाई यांच्यापर्यंत ते पोहोचले. सगळ्यांचा सल्ला साधारण एकच होता. बंदुका नंतर बघू, आधी माणसं शिकवा.

इथे फान यांचं मोठेपण दिसतं. मागायला आलो एक आणि मिळालं दुसरंच, म्हणून ते रुसून परत गेले नाहीत. व्हिएतनामने स्वातंत्र्य कसं गमावलं यावर त्यांनी एक पुस्तक लिहिलं. मुलांना परदेशी पाठवा, पैसे द्या, असं आवाहन लिहून मायदेशी धाडलं. ही चळवळ डोंग झू म्हणून ओळखली जाते. अर्थ साधा, पूर्वेकडे प्रवास.

मुलं येऊ लागली. पहिल्यांमध्ये लुओंग न्गोक क्वेन होता. तो आला तेव्हा खिशात दमडी नव्हती. १९०८ पर्यंत संख्या दोनशेच्या घरात गेली. काही जण शिंबू या लष्करी पूर्वतयारीच्या शाळेत, तर बरेचसे तोक्योच्या दोबुन शोइनमध्ये. बहुतेकांनी आपण चिनी असल्याचं सोंग घेतलेलं. सकाळी जपानी भाषा, गणित, भूगोल, भौतिक आणि रसायन, तर दुपारी कवायत. उत्तरेकडचे, मधले आणि दक्षिणेकडचे असे गट पडून कुरबुरीही व्हायच्या. (हॉस्टेल म्हटल्यावर हे आलंच!) त्या मिटवायला फान यांनी विद्यार्थ्यांची संघटना काढली. हिशेब, शिस्त, पत्रव्यवहार, सगळं वाटून दिलेलं. पैसा मुख्यतः दक्षिणेतल्या सधन घरांतून यायचा. सायगाव आणि मी थो इथे तर चळवळीला हातभार म्हणून हॉटेलं चालवली गेली.

पण १९०७ मध्ये फ्रान्स आणि जपानचा करार झाला. एकमेकांच्या आशियातल्या मुलखाला धक्का लावायचा नाही, असं ठरलं. इकडे फ्रेंचांनी आईवडिलांना पकडून मुलांना परत बोलावणारी पत्रं लिहायला लावली. १९०८ मध्ये जपान सरकारने विद्यार्थ्यांची संघटना मोडायला लावली. घरून येणारे पैसे थांबले. त्रान डोंग फोंग हा मुलगा सधन घरातला. त्याने वडिलांना पत्रं लिहिली, पण ना पैसे आले ना उत्तर. सोबत्यांवर आपला भार पडतोय हे सहन न होऊन त्याने जीव दिला. तोक्योच्या झोशिगाया दफनभूमीत आजही त्याची समाधी आहे. दोनशेंपैकी एकाला तरी कळायला हवं होतं की ते ओझं त्याच्या एकट्याचं नव्हतं.

परत जाणाऱ्यांच्या तिकिटांची सोय इनुकाईंनी लावून दिली. उरलेल्यांचं काय? ओदावाराजवळ आसाबा साकितारो नावाचे एक डॉक्टर होते. रस्त्यात उपाशी कोसळलेल्या एका व्हिएतनामी विद्यार्थ्याला त्यांनी घरी नेलं होतं आणि त्याच्या शिक्षणाचा खर्चही केला होता, असं सांगतात. पुन्हा त्यांच्याकडेच हात पसरायला फान यांना लाज वाटत होती. तरी पत्र लिहिलं. उत्तरादाखल १७०० येन आले! त्या काळी गावच्या मुख्याध्यापकाचा पगार महिना अठरा येनच्या आसपास होता म्हणतात. करा हिशेब.

१९०९ मध्ये फान यांनाही जपान सोडावं लागलं. मग सयाम, चीन, नवी संघटना आणि १९१४ पासून तीन वर्षं ग्वांगझोचा तुरुंग. सुटल्यावर ते पुन्हा जपानला गेले तेव्हा कळलं की डॉक्टर १९१० मध्येच वारले. ऋण फेडायचं राहूनच गेलं. मग १९१८ मध्ये फान डॉक्टरांच्या मूळ गावी गेले आणि त्यांच्या नावाने दगड उभारायचं ठरवलं. जवळचे पैसे दगड आणि कोरीव कामालाच कसेबसे पुरणार होते. हे कळल्यावर सरपंचांनी गावकऱ्यांना गोळा केलं आणि गावाने पैसे आणि अंगमेहनत दिली. ज्याच्याकडे घर नाही, देश नाही, असा माणूस परक्या गावात कृतज्ञतेचा दगड उभा करतो, आणि गाव त्याला खांदा देतं!

१९२५ मध्ये शांघायला फ्रेंचांनी फान यांना पकडलं. हनोईत जन्मठेप सुनावली. पण विद्यार्थी आणि सामान्य लोक असे खवळले की शिक्षा बदलून ह्युए शहरात नजरकैद करावी लागली. गवताने शाकारलेल्या घरात पंधरा वर्षं काढून २९ ऑक्टोबर १९४० रोजी ते गेले. स्वातंत्र्य त्यांनी पाहिलं नाही.

मग ही चळवळ फसली का? चार वर्षांत मोडली, हे खरं. पण लुओंग न्गोक क्वेन १९१७ च्या थाय न्गुयेनच्या उठावात नेता म्हणून उभा राहिला आणि तिथेच कामी आला. आपल्याला कुणीतरी शिकायला पाठवलंय, हे तो विसरला नव्हता. आपली फीसुद्धा कुणीतरी भरतंच ना? कुणाचं शेत गहाण पडतं, कुणाच्या बहिणीचं शिक्षण थांबतं. ते परत कसं करायचं याचा नियम कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. फान यांना जमलं ते त्यांनी केलं.

२०१७ मध्ये जपानचे सम्राट अकिहितो ह्युएला फान यांच्या स्मारकाला भेट द्यायला गेले. आणि डॉक्टर आसाबांच्या गावात, जोरिन-जी मंदिराच्या आवारात, जवळजवळ पावणेतीन मीटर उंचीचा तो दगड अजून उभा आहे.