आजी आमेन कशी म्हणेल?

आजचं वाचन: 1 करिंथ 14:13-19



आजच्या भागात पौल करिंथच्या मंडळीला उपासनेविषयी एक साधी गोष्ट सांगतो. आत्म्याने गायचं, आणि बुद्धीनेही गायचं. मग 16 व्या वचनात तो शेजारच्या माणसाकडे बोट दाखवतो. तुमचं बोलणं ज्याला कळतच नाही, तो तुमच्या उपकारस्तुतीला आमेन कसं म्हणणार?

हे वचन मी कितीदा तरी वाचलं होतं. गेल्या महिन्यात ते मला लागलं.

सुट्टीत परभणीला घरी गेले होते. तिथल्या तरुण संघाने रविवारची गाणी निवडायचं काम माझ्यावर सोपवलं. मी पुण्यात वर्शिप टीममध्ये गाते, त्यामुळे यादी दहा मिनिटांत तयार झाली. सहा गाणी: चार इंग्रजी, दोन हिंदी. गिटार, कीबोर्ड, प्रोजेक्टर, सगळं जमून आलं. मुलांनी मनापासून गायलं. पण तिसऱ्या बाकावर माझी आजी अर्धा तास हात जोडून नुसती उभी होती. तिचे ओठ एकदाही हलले नाहीत. घरी आल्यावर ती काही तक्रार करेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली की गाणी छान होती. संध्याकाळी भाकरी थापताना मात्र ती तिचं नेहमीचं भजन गुणगुणायला लागली. डोळे मिटलेले, हात चालू. तेव्हा कळलं की तिची रविवारची उपासना आत्ता, चुलीपाशी होतेय. देवळात मी ती होऊ दिली नव्हती.

ते भजन होतं नारायण वामन टिळकांचं. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहितेय.

टिळकांना आपण शाळेच्या पुस्तकातून ओळखतो, फुलामुलांचे कवी म्हणून. त्यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात, एका ब्राह्मण घरात झाला. आई लवकर गेली. पुढे नाशिकला संस्कृत शिकले, आणि 1880 मध्ये लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. स्वभावाने भटके. एका गावात, एका नोकरीत मन रमायचं नाही. देवाचा शोध मात्र सतत चालू होता.

एकदा राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थांशी गाठ पडली. गप्पा झाल्या, आणि उतरताना त्यांनी टिळकांच्या हातात बायबल ठेवलं. टिळक वाचू लागले आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले. तिथून त्यांना ते पुस्तक खाली ठेवता येईना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत मोठी होती. समाज तुटला, नातेवाईक तुटले. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि 1900 मध्ये स्वतःच्या विश्वासाने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. वाचलं नसेल तर जरूर वाचा.

एवढं सगळं सोडून आलेला हा कवी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) ख्रिस्ती मंडळीत बसला, तेव्हा त्याच्या कानावर काय पडलं असेल? बरीचशी गीतं इंग्रजीतून भाषांतरित, चालीही तिकडच्याच. त्या गीतांत खोट नव्हती. भाषांतर करणाऱ्यांनी प्रेमानेच केलं होतं. पण इंग्रजी चालीत ठरावीक जागी जोर येतो, आणि मराठी शब्द तसा चालत नाही. ऱ्हस्व अक्षर ओढलं जातं, दीर्घ तुटतं, आणि गाणाऱ्याला अर्थ लागायच्या आत ओळ संपलेली असते. कृष्णराव सांगळ्यांसारख्या नगरच्याच मंडळींनी टिळकांच्या आधीपासून देशी चालीत पदं आणि कीर्तनं करायला सुरुवात केली होती. टिळकांनी ती वाट रुंद केली.

त्यांनी अभंग हाती घेतला. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम त्यांच्या रक्तातच होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघडपणे मानायचे. आणि अभंगाची रचना बघा ना: सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, मग चार अक्षरांचा शेवटचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. एकदा ऐकलं की तोंडात बसतं. पुढचा गातो, मागचे धरतात. पुस्तक लागत नाही. 1901 च्या जनगणनेत आपल्या देशात शंभरातल्या पाच-सहा जणांनाच लिहिता-वाचता येत होतं. बाकीच्यांनी उपासनेत गायचं कसं? टिळकांच्या अभंगात, पदांत, कीर्तनात त्यांना जागा मिळाली.

आमच्या गंगाखेडची जनाबाई आठवा. नामदेवांच्या घरची दासी. जात्यावर दळता दळता गायली, आणि तिचे शब्द सातशे वर्षं बायकांच्या तोंडी राहिले. माझी आजी त्याच भागातली. ओवी आणि अभंगाची चाल तिला कुणी शिकवावी लागली नाही. नाशिकला टिळकांनी पाहिलेली गोदावरी पुढे गंगाखेडवरूनच वाहते. ते कधी आमच्याकडे आले होते की नाही, ठाऊक नाही. त्यांची गाणी मात्र आली.

पण हे सगळं सोपं नव्हतं, आणि हा भाग आपण सहसा विसरतो. टाळ-मृदंग आणि अभंग ऐकले की काहींना सोडून आलेलं देऊळ आठवायचं. ज्या देवळाच्या पायरीवरही ज्यांना उभं राहू दिलं नव्हतं, अशा घरांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांना ते सूर दुखरे वाटले तर नवल काय? त्यांची शंका खोटी नव्हती. आपण या गाण्यांना आज जुनी आणि पवित्र म्हणतो. त्या काळी तीच नवी होती, वादाची होती.

टिळकांनी चाल घेतली, पण तिच्यात ख्रिस्त भरला. शब्दांत तडजोड केली नाही. आणि वाद्याचं म्हणाल तर पेटीचंच घ्या. हार्मोनियम युरोपातून आली. आज तिच्याशिवाय ना आपलं भजन होतं, ना वारकऱ्यांचं. वाद्याला धर्म नसतो. ते कुणाच्या स्तुतीसाठी वाजतंय आणि त्याच्याबरोबर कुणाला गाता येतंय, एवढंच बघायचं.

1912 पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला राहिले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे चालू पाहणाऱ्या प्रत्येकासाठी तो होता. 9 मे 1919 ला मुंबईत ते प्रभूकडे गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. एकेकाळी नीट लिहिता-वाचताही न येणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. ‘उपासना संगीत’ उघडा, पानोपानी टिळक भेटतील.

मग आपण काय करायचं? गिटार ठेवून द्यायची? फक्त अभंगच गायचे? मला तसं वाटत नाही. टिळकांनी आपल्या काळासाठी नवी गाणी लिहिली, आपणही लिहायला हवीत. पुण्यातल्या ज्या मुलाला इंग्रजीतच प्रार्थना सुचते, त्यालाही आमेन म्हणता आलं पाहिजे. टिळकांची चाल उचलली नाही तरी चालेल, पण त्यांचा प्रश्न उचलायला हवा: समोर बसलेल्या माणसाला या गाण्यातून प्रार्थना करता येईल का?

आता यादी करताना मी तीन गोष्टी बघते. शब्द वचनाला धरून आहेत का? मंडळीला गाता येईल अशी पट्टी आणि चाल आहे का, की फक्त टीमलाच जमेल? आणि रविवारी जे लोक खरोखर येतात, त्यातल्या प्रत्येकासाठी निदान एक तरी गाणं आहे का?

परत यायच्या आधीच्या रविवारी मी दोनच जागा बदलल्या. सुरुवातीला आजीचं भजन, फक्त पेटी आणि ढोलकीवर. प्रभुभोजनाच्या वेळी आणखी एक. बाकीची गाणी तीच. मुलांना चाल येत नव्हती, म्हणून पहिली ओळ आजीनेच धरली, बसल्या जागेवरून, जरा कापऱ्या आवाजात. मग सगळ्यांनी धरली. मजा म्हणजे, पुढचं इंग्रजी गाणं सुरू झालं तेव्हा आजी टाळ्या वाजवत होती.

आज विचार करा: तुमच्या मंडळीत कोण हात जोडून नुसतं उभं असतं? या रविवारी त्यांना जाऊन विचारा, तुमचं आवडतं गीत कोणतं?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तुझी स्तुती करताना आम्ही स्वतःचाच आवाज ऐकत बसतो, आम्हाला क्षमा कर. शेजारी उभ्या असलेल्याचे मिटलेले ओठ आम्हाला दिसू दे. आमच्या मंडळीत थोरामोठ्यांना आणि लेकरांना, सगळ्यांना मिळून आमेन म्हणता येवो. आमेन.