निरोप खदीजांनीच धाडला

हजरत खदीजा (रजि.) यांचे निधन रमजानमधलेच. मक्केच्या कुरैश घराण्यातल्या या बाई दोनदा विधवा झाल्या होत्या. पदरी मुले होती आणि व्यापार मोठा. त्यांचे तांडे शामला, म्हणजे आजच्या सीरियाकडच्या मुलखात, माल घेऊन जात. नफ्यात वाटा देऊन त्या माणसे नेमत. मक्केतल्या बड्या बड्यांनी मागण्या घातल्या, पण त्यांनी सगळ्यांना नकार कळवला.

पुढे त्यांनी मुहम्मद (स.) यांना तांड्यावर नेमले. लोक या तरुणाला अल-अमीन, म्हणजे विश्वासू, म्हणून ओळखत. सोबतीला आपला गुलाम मैसरा दिला. तांडा परतला तेव्हा नफा चांगला होताच; पण मैसराने प्रवासातल्या त्यांच्या वागणुकीविषयी जे सांगितले, ते खदीजांना अधिक मोलाचे वाटले. त्यांचे मन पुन्हा संसाराला तयार झाले ते असे, माणूस व्यवहारात पारखून.

मग त्यांची मैत्रीण नफीसा निरोप घेऊन गेली. लग्न का करत नाही, असे तिने विचारले. हाती पैसा नाही, ही मुहम्मद (स.) यांची अडचण. खदीजांचे नाव निघताच मात्र ते राजी झाले. काका अबू तालिब यांनी निकाहचा खुतबा दिला. तेव्हा वर 25 वर्षांचे, वधू 40 वर्षांच्या, असे सांगतात. काही जुन्या नोंदींत वधूचे वय 28 आहे. वयाची चर्चा फार होते, निरोप कुणी धाडला याची कमी.

संसार सुमारे 25 वर्षांचा झाला. खदीजा असेपर्यंत प्रेषितांनी दुसरा निकाह केला नाही. हिराच्या गुहेतून ते थरथरत घरी आले, तेव्हा अंगावर पांघरूण घालून धीर दिला तो खदीजांनी. नंतर कुरैशांनी बहिष्कार घातला, तीन वर्षे उपासमारीत गेली. त्यानंतर, इ.स. 619 मध्ये, त्या गेल्या.

पाच वर्षांनी, रमजानमध्येच, बद्रची लढाई झाली. मक्केकडून लढलेले जावई अबुल-आस कैद झाले. त्यांच्या सुटकेसाठी मुलगी जैनब यांनी मक्केहून ऐवज पाठवला. त्यात एक हार होता. लग्नात आईने, खदीजांनी, तो लेकीच्या गळ्यात घातला होता. प्रेषितांनी तो पाहताच ओळखला आणि त्यांचे मन भरून आले. कैद्याला सोडून हार परत द्यावा का, असे त्यांनी साथीदारांना विचारले. सगळ्यांनी होकार दिला. हार जैनबकडे परत गेला.