दुष्काळात टिकलेला विश्वास : संत तुकाराम महाराज



कांद्याचा भाव पडला की मंचरच्या बाजारातली काळजी संध्याकाळी घरात येते आणि दुसऱ्या दिवशी मुलांबरोबर वर्गात येऊन बसते. मोठी माणसं कर्जाचं हळू आवाजात बोलतात, पण मुलांना सगळं ऐकू जातं. मग आपण म्हणतो, देव आहे ना, तो बघेल. हे वाक्य मुलांना पोकळ वाटू नये असं वाटत असेल, तर तुकाराम महाराजांचं चरित्र त्यांना नीट सांगा. आपण पटकन अभंगांवर आणि वैकुंठगमनावर येतो, मधला दुष्काळ राहूनच जातो.

महाराजांचा जन्म 1608 चा मानतात. गाव देहू, इंद्रायणीच्या काठी. वडील बोल्होबा, आई कनकाई. घर खाऊन-पिऊन सुखी होतं. शेती होती, व्यापार होता, गावची महाजनकी होती आणि दारात विठोबाचं देऊळ. थोरले भाऊ सावजी विरक्त, त्यामुळे लहान वयातच प्रपंचाचा भार तुकोबांवर आला. पुढे आई-वडील गेले. वहिनी वारल्या आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले.

त्यातच 1630 च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पाऊस नाही, धान्य नाही, गुरं मेली, माणसं गाव सोडून निघाली. तुकोबांचा व्यापार बुडाला, दिवाळं निघालं. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, लहानगा संतूही गेला. त्या वेळी तुकोबा विशी-बाविशीतले होते.

इथे जरा थांबा. देवावर भरवसा ठेवला म्हणून त्यांच्या घरचा दुष्काळ टळला नाही. मुलांना हे लपवू नका. मग भरवसा दिसतो कुठे? तो दिसतो पुढच्या कृतीत.

घरात लोकांना दिलेल्या कर्जाची खतं होती. ती वसूल केली असती तर चार पैसे हाती आले असते. पण घेणारेही दुष्काळानेच खचलेले. तुकोबांनी धाकटा भाऊ कान्होबा याला त्याची निम्मी खतं दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. त्यात विचार होता बघा. स्वतःचा हक्क सोडला, भावाचा नाही. उद्याची सोय म्हणून दुसऱ्याच्या गळ्याला फास लावायचा नाही, आपलं विठोबा बघेल, हा तो भरवसा. मोडकळीला आलेलं देऊळही त्यांनी स्वतः राबून दुरुस्त केलं. भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर बसून चिंतन केलं. त्यांना स्वप्नात गुरुमंत्र देणारे बाबाजी चैतन्य यांची समाधी आपल्या जुन्नर तालुक्यात, ओतूरला आहे. शाळेची सहल तिकडे गेली तर मुलांना जरूर दाखवा.

आणि दुसऱ्या पत्नी जिजाबाई, म्हणजे आवली, यांना विसरू नका. गोष्टीत त्यांना नुसतं भांडखोर रंगवतात. पण पोरंबाळं त्यांनीच सांभाळली, आणि तुकोबांची भाकरी घेऊन त्या भंडारा डोंगर चढत असत, असं परंपरा सांगते. चूल कशी पेटणार ही काळजी त्यांचीच होती, मग रागही आलाच. देव भाकरी देतो म्हणताना ती कुणाच्या हातून येते, हेही मुलांना दिसू द्या.

1650 मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराजांचं वैकुंठगमन झालं. आजही तुकाराम बीजेला देहूत गर्दी लोटते.

पालकहो, घरात ओढाताण असेल तर मुलांना खोटा धीर देऊ नका. यंदा हात आखडता आहे, पण आपण सगळे मिळून निभावू, देवही पाठीशी आहे, असं सरळ सांगा. आणि अडचणीतल्या शेजाऱ्याला शेरभर धान्य देताना मुलाला सोबत न्या. तो धडा पुस्तकातून शिकवता येत नाही.

वर्गात चर्चेसाठी :
1. तुकोबांनी आपल्याच वाट्याची खतं का बुडवली?
2. जिजाबाईंना राग का येत असेल?
3. अडचणीत तुमच्या घरी कोण धावून आलं? तुम्ही कुणासाठी धावलात?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसमोर मागू नका. ज्याला सांगावंसं वाटेल तोच सांगेल.