एकांतवासी पीटर आणि येरुशलेमची खडतर वाट

इ. स. १०९६ च्या उन्हाळ्यात आग्नेय युरोपातून एक विलक्षण यात्रा मार्गक्रमण करीत होती. अग्रभागी गाढवावर बसलेला, लोकरीचा अंगरखा परिधान केलेला एक ठेंगणा, अनवाणी संन्यासी आणि त्याच्यामागे शेतकरी, कारागीर, स्त्रिया, मुले, वृद्ध, मोजके सरदार व थोडे लुटारूदेखील. सर्वांच्या मुखी एकच नाव होते, येरुशलेम. तो संन्यासी म्हणजे फ्रान्समधील आमियां येथील पीटर, ज्यांना इतिहास एकांतवासी पीटर म्हणून ओळखतो.

पीटर यांना दृष्टांत झाला, त्यांनी तो पोप महोदयांना सांगितला आणि त्यातून क्रुसेडचा आरंभ झाला, अशी कथा शतकानुशतके सांगितली गेली. आजचे इतिहासकार ती मानीत नाहीत. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी क्लेर्मों येथील धर्मसभेत पोप दुसरे अर्बन यांनी स्वतःच ते आवाहन केले होते. पीटर यांनी ते गावोगावी, गोरगरिबांच्या दारी नेले. त्यांच्या वाणीत अशी जादू होती की, लोक त्यांच्या गाढवाचे केससुद्धा पवित्र अवशेष म्हणून उपटून नेत. मिळालेले दान ते गरिबांना वाटून टाकीत.

पोप महोदयांनी प्रस्थानासाठी १५ ऑगस्ट १०९६, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, हा दिवस ठरवून दिला होता. त्यामागे व्यवहारज्ञान होते, कारण तोवर पिके हाती आली असती आणि वाटेत धान्य विकत मिळाले असते. पीटर यांच्या अनुयायांना इतका धीर कुठला? ईस्टरच्या सुमारास ते जर्मनीतील कोलोन येथे पोहोचले आणि एप्रिल सरण्याआधीच निघाले. पुढील बहुतेक अनर्थांचे मूळ आम्हाला या घाईत दिसते.

त्याच वसंतात ऱ्हाईन नदीकाठी जे घडले, ते सांगितल्याविना पुढे जाणे योग्य नव्हे. वाटेतील यहुदी वस्त्यांनी शिधा पुरवावा, अशी फ्रान्समधील यहुद्यांची पत्रे पीटर यांनी जवळ बाळगली होती आणि तो शिधा त्यांना मिळालाही. परंतु ते पुढे गेल्यावर मे महिन्यात क्रूसाचे चिन्ह धारण केलेल्या इतर टोळ्यांनी वर्म्स, माइन्झ आदी नगरांत यहुद्यांची कत्तल केली. स्पायरचे महागुरुस्वामी जॉन यांनी आपल्या नगरातील बहुतेक यहुद्यांना वाचवले, एवढाच काय तो दिलासा. या हत्याकांडात पीटर यांचा प्रत्यक्ष हात नव्हता, पण पेटवलेल्या उत्साहाला लगाम घालणारे कोणी नसले की काय होते, ते तेव्हाच दिसून आले होते.

पीटर यांच्या तांड्यात सुमारे २०,००० माणसे असावीत, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. हंगेरीचे राजे कोलोमान यांनी लूटमार न करण्याच्या अटीवर त्यांना वाट दिली. हंगेरीचा बहुतेक प्रवास शांततेत झाला. सीमेवरील झेमून या गावी मात्र पुढे गेलेल्या तुकडीतील काही जणांकडून हिसकावलेली शस्त्रे तटावर टांगलेली दिसली आणि संशयाने माथी भडकली. गाव लुटले गेले, हजारो हंगेरियन मारले गेले. राजाच्या सैन्याच्या भयाने मिळेल त्या होड्यांनी व तराफ्यांनी सावा नदी ओलांडून तांडा बेलग्रेडला आला. रहिवासी आधीच पळाले होते. ते ओसाड नगरही जाळण्यात आले.

तिथून जुन्या रोमन सैनिकी मार्गाने ते जुलैच्या प्रारंभी आजच्या सर्बियातील निश येथे पोहोचले. तेथील अधिकारी निकेतास यांनी ओलीस घेऊन बाजार खुला केला. लोकांनी मुकाट्याने धान्य घेतले, नागरिकांनी दानही दिले. सकाळी निघताना काही उनाड जर्मनांनी, आदल्या रात्रीच्या भांडणाचा राग धरून, नदीकाठच्या पाणचक्क्या पेटवल्या. सैन्याने पाठलाग केला. पीटर यांनी समेटाची खटपट केली, पण त्यांचे ऐकणार कोण? तांड्यातील सुमारे चौथा हिस्सा मारला गेला वा कैद झाला. दानाच्या पैशांची पेटीही गेली.

पुढे सोफिया येथे सम्राट अलेक्सियस यांचे दूत भेटले. कोणत्याही नगरात तीन दिवसांहून अधिक थांबायचे नाही, ही अट घालून त्यांनी संरक्षण व शिधा पुरवला. बल्गेरियातील प्लोवदिव येथे पीटर यांच्या तोंडून यात्रिकांचे हाल ऐकून ग्रीक नागरिकांनी पैसे, घोडे व खेचरे दिली. संपूर्ण प्रवासातील आम्हाला सर्वांत भावलेली घटना हीच.

१ ऑगस्ट रोजी ते कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, पोहोचले. सम्राटांनी मागचे अपराध क्षमा केले आणि सरदारांचे मोठे सैन्य येईपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला. परंतु यात्रिक चर्चच्या छपरांवरील शिसेही काढून विकू लागले, तेव्हा ६ ऑगस्टला त्यांना बोस्फरस पार करून आशिया खंडात नेण्यात आले. किबोटोस येथील छावणीतून टोळ्या लूट करीत नायसियापर्यंत जाऊ लागल्या. ज्या नायसियात ३२५ साली विश्वासांगीकार सिद्ध झाला, त्याच्या आसपासच्या ख्रिस्ती गावांनाही त्यांनी सोडले नाही! झेरिगोर्डन किल्ल्यात तुर्कांनी कोंडलेली एक तुकडी आठवडाभर पाण्यावाचून तडफडली.

शिध्याच्या वाटाघाटींसाठी पीटर राजधानीत गेले असता, २१ ऑक्टोबर १०९६ रोजी उरलेले लोक उतावीळपणे बाहेर पडले आणि सुलतान किलिज अर्सलान याच्या सैन्याच्या कचाट्यात सापडले. छावणीतील वृद्ध व आजारीही वाचले नाहीत. सुमारे ३,००० जण समुद्रकाठच्या पडक्या गढीत टिकून राहिले. त्यांना सम्राटांच्या जहाजांनी सोडवले.

पीटर जिवंत राहिले, हेच त्यांचे मोठे दुःख असावे. सरदारांच्या सैन्याबरोबर ते पुन्हा चालू लागले. जानेवारी १०९८ मध्ये अंत्युखियाच्या वेढ्यात, उपासमारीला कंटाळून, ते पळूनही गेले. टँक्रेड या सरदाराने त्यांना परत आणले. तरीही त्याच वर्षी जूनमध्ये शत्रूसेनापती केर्बोगाकडे दूत म्हणून त्यांनाच पाठवण्यात आले. पुढे अर्का येथे जमलेल्या दशांशाचा अर्धा भाग गरिबांना वाटण्याचे काम त्यांच्याकडे आले. आमच्या मते त्यांना शोभणारे काम तेच होते. ८ जुलै १०९९ रोजी जैतुनाच्या डोंगरावर त्यांनी प्रवचन केले. आठवडाभराने येरुशलेम पडले आणि तेथील मुसलमान व यहुदी रहिवाशांची भीषण कत्तल झाली. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या गतकाळातील पापांबद्दल देवाची क्षमा मागितली, तेव्हा सत्याच्या नावाखाली केलेली हिंसा त्यात होती.

युरोपात परतल्यावर पीटर यांनी आजच्या बेल्जियममधील हुई येथे न्यूमुस्तिए मठ स्थापन केला आणि पवित्र कबरेच्या नावे तेथील चर्च समर्पित केले. ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केलेले नाही. त्याच मठात १११५ साली त्यांनी देह ठेवला.