सावित्रीबाई फुले

गांवच्या शाळेचा मुख्य कसा नेमला गेला, हें सर्व विचारतात; त्यास शिकवावयास कोणीं शिकविलें, हें क्वचितच कोणी विचारतो. आमच्या जिंतूर-गंगाखेडाकडील वाचकांनीं आपापली शाळा डोळ्यांपुढें आणून हें चरित्र वाचावें.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजीं सातारा जिल्ह्यांत नायगांव येथें झाला. १८४० सालीं जोतीरावांशीं विवाह झाला, तेव्हां त्यांस अक्षरओळखही नव्हती. पतीनें घरीं शिकविलें. पण तेवढ्यावर भागविलें नाहीं. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार अहमदनगरास मुलींच्या शाळा चालवीत. जोतीरावांस मुलींची शाळा काढण्याची स्फूर्ति त्याच शाळा पाहून झाली. सावित्रीबाईंनीं मिस फरार यांच्याकडे व पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलांत अध्यापनाचें शिक्षण घेतलें.

१८४८ सालीं भिडे वाड्यांत शाळा निघाली. सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या व पुढें मुख्याध्यापिका झाल्या. वाटेंत लोक शेण फेंकीत, म्हणून त्या दुसरें लुगडें बरोबर नेत, असें सांगतात. १८४९ सालीं सासऱ्यांचें घरही सोडावें लागलें.

आम्हांस विशेष वाटते ती १८५६ ची गोष्ट. सावित्रीबाई आजारी होऊन माहेरीं पडल्या होत्या. तेथून जोतीरावांस लिहिलेल्या पत्रांत आपल्या दुखण्याबरोबरच त्यांनीं फातिमाबाईंची काळजी केली आहे. कारण मागें कामाचा सर्व भार त्यांच्यावर पडला होता. तरी त्या कुरकुर करणार नाहींत, अशी बाईंची खात्री होती. मुख्य दूर असतांही काम चालावें, अशी सोबतीण त्यांस लाभली होती.

१८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करितांना सावित्रीबाईंस तो रोग जडला. १० मार्च रोजीं त्या वारल्या.