अज्ञात हातांचा आदर करणारा संग्राहक : डॉ. दिनकर केळकर

संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामतीहून इंदापूरच्या दिशेने निघते, तेव्हा वाटेवरच्या काटेवाडी गावात तिचे एक आगळे स्वागत होते. गावातील परीट समाजाची माणसे पालखीच्या मार्गावर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि त्यांवरून पालखी गावात येते. पुढे मेंढ्यांचे रिंगण होते. अंथरलेली ती वस्त्रे भरजरी नसतात. रोजच्या वापरातील साधे धोतर त्या दिवशी राजवस्त्राहून मानाचे ठरते, कारण ते अंथरणाऱ्या हातांमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा भाव असतो.

याच परिसरातील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर मात्र वेगळे दृश्य दिसू शकते. आजीच्या वेळची पितळी समई, पोचे आलेला तांब्याचा हंडा, पानसुपारीच्या तबकातला अडकित्ता, बिजागरी निखळलेली लाकडी पेटी हे सारे धूळ खात पडलेले असते. घर नवे बांधायला काढले की तांबे-पितळ वजनावर मोडीत जाते आणि लाकूड चुलीत. हा अनुभव काटेवाडीचा किंवा बारामती-इंदापूरचाच आहे असे नाही, तो साऱ्या महाराष्ट्राचा आहे. अशा मोडीच्या वाटेवर निघालेल्या वस्तूंना अडवून, त्यांना हक्काचे घर मिळवून देण्यासाठी आपल्या पुणे जिल्ह्यातील एका माणसाने आयुष्याची सुमारे सात दशके वेचली. त्यांचे नाव डॉ. दिनकर गंगाधर केळकर.

चष्म्याच्या दुकानातील कवी

दिनकर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. तरुणपणी त्यांची ओळख होती ती कवी म्हणून. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत. भा. रा. तांबे यांच्या कवितांचा दुसरा भाग १९२७ साली प्रसिद्ध झाला, त्याचे संपादन त्यांनीच केले होते. विखुरलेले गोळा करावे, नीट लावावे आणि रसिकांपुढे ठेवावे, ही वृत्ती त्यांच्या अंगी तेव्हापासूनच होती असे म्हणता येईल.

उपजीविकेसाठी घरचे चष्म्याचे दुकान होते. १९२० च्या सुमारास या दुकानाच्या सजावटीसाठी म्हणून त्यांनी काही जुन्या वस्तू आणल्या. पेशवाईचा शेवट होऊन तेव्हा शंभर वर्षे लोटली होती. सरदार-दरकदारांच्या वाड्यांतील वैभव ओसरले होते, उत्पन्ने आटली होती आणि कोनाड्यांतील, फडताळांतील चीजवस्तू हळूहळू बाहेर पडू लागल्या होत्या. घेणाऱ्याला त्या स्वस्तात मिळत आणि देणाऱ्याला त्यांची किंमत उमगलेली नसे. लोकांची दृष्टी सुधारण्याचा व्यवसाय करणाऱ्या या तरुणाला स्वतःलाच एक निराळी दृष्टी लाभली ती इथे. दुकानाची सजावट हे निमित्त मागे पडले आणि संग्रह हेच जीवनकार्य झाले. कवितेचे लेखनही मागे पडत गेले. तरीही कवीचे डोळे त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले, असे त्यांचा संग्रह पाहताना जाणवते.

आपल्या देशातील मोठे वस्तुसंग्रह बहुधा मोठ्या संपत्तीच्या बळावर उभे राहिले. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयामागे निजामाच्या दिवाणाच्या घराण्याची दौलत होती. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाला सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांचे दान मिळाले. केळकरांच्या पाठीशी असे काही नव्हते. एका दुकानाची मिळकत, पत्नी कमलाबाईंची साथ आणि पायपीट करण्याची तयारी एवढ्या भांडवलावर त्यांनी खेडोपाडी, परप्रांतांत फिरून वस्तू जमवल्या. मध्यमवर्गीय घरात अशा छंदाची झळ सर्वप्रथम गृहिणीला लागते. कमलाबाईंनी ती सोसली एवढेच नाही, तर हे काम त्यांनी आपलेही मानले. संग्रहाचा विचार करताना त्यांचे नाव वगळता येत नाही.

राजा

या दांपत्याच्या जीवनात एक मोठा आघात झाला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा बालवयातच दगावला. पुत्रशोकाने माणसे खचतात, घराचे दरवाजे बंद करून घेतात. केळकर दांपत्याने आपले घर उघडले. पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ नातूबागेतील त्यांचे राहते घर संग्रहाने भरत गेले आणि त्या संग्रहाला त्यांनी नाव दिले ते आपल्या मुलाचे : राजा दिनकर केळकर संग्रहालय.

या नावाचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. ‘राजा’ हा शब्द वाचून कोणा संस्थानिकाचा हा संग्रह असावा, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात तो कधी मोठा न झालेला एक लहान मुलगा आहे. ज्याला स्वतःचे आयुष्य जगायला मिळाले नाही, त्याच्या नावाने शेकडो वर्षे टिकाव्यात अशा वस्तू एकत्र नांदू लागल्या. आईबापांनी आपल्या दुःखाला दिलेले हे उत्तर होते.

अडकित्त्यापासून लामणदिव्यापर्यंत

केळकरांचे वेगळेपण त्यांच्या निवडीत आहे. संग्राहकाची नजर सहसा तलवारी, जडजवाहीर, दरबारी चित्रे यांकडे वळते. केळकरांनी शस्त्रे आणि चित्रेही जमवली. परंतु त्यांचे मन रमले ते घरातील, स्वयंपाकघरातील, देवघरातील रोजच्या वस्तूंत. सुपारी कातरायचे अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, शाईच्या दौती, कुलपे, फण्या, पानदाने, हुक्के, खेळणी, गंजिफा, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दारे, पैठणची चित्रे, चामड्याच्या बाहुल्या आणि नाना प्रकारची वाद्ये असा हा पसारा आहे. यातील बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील आहेत.

एक अडकित्ता घ्या. काम काय, तर सुपारीचे खांड करणे. दोन पाती, एक खिळा आणि दोन दांडे एवढे पुरेसे होते. पण तो घडवणाऱ्या लोहाराला किंवा तांबटाला तेवढ्यावर समाधान नव्हते. दांड्यांना त्याने पोपटाचा, घोड्याचा, स्त्रीपुरुषाच्या जोडीचा आकार दिला. वज्री म्हणजे टाचा घासण्याचे खरबरीत साधन, तरी तिच्या मुठीवर पक्षी बसले. समई, निरांजन, लामणदिवा या प्रत्येकाच्या घडणीत कारागिराने आपले मन ओतले. घरात बसून पान जमवणाऱ्या आजोबांच्या आणि न्हाणीघरात पाय घासणाऱ्या सासुरवाशिणीच्या हातात कलावस्तू होती, आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हते. सौंदर्य हे जगण्यातच मुरलेले होते.

या वस्तूंवर घडवणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते. राजांची नावे बखरींत आली, कारागिरांची कुठेच आली नाहीत. ‘अज्ञातवासी’ हे नाव स्वतःसाठी निवडलेल्या कवीने अशा हजारो अज्ञात कारागिरांची कामे शोधून काढावीत, यात काही औचित्य आहे असे वाटते.

कोथरूडचा महाल

या संग्रहातील सर्वांत मोठी ‘वस्तू’ म्हणजे मस्तानी महाल. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी कोथरूड येथे १७३४ साली बांधलेल्या वाड्याचे अवशेष केळकरांनी मिळवले आणि ते संग्रहालयात आणून पुन्हा उभे केले. लाकडी इमारत हलवणे हे दिसते तेवढे सोपे काम नाही. प्रत्येक खांब, तुळई, कमान यांचा मेळ ध्यानात ठेवून ते उतरवावे लागतात. सांधे फुटू न देता वाहून न्यावे लागतात आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडावे लागतात. वाळवी, दमट हवा आणि पावसाळा हे लाकडाचे तीन वैरी त्यानंतरही पाठ सोडत नाहीत.

येथे एक प्रश्न मनात येतो, आणि तो टाळू नये. देवघरातून काढलेली समई काचेच्या कपाटात पेटत नाही. कोथरूडचा महाल कोथरूडला राहिला नाही. वस्तू आपल्या जागेवरून हलली की तिच्या आयुष्याचा काही भाग मागेच राहतो. कोणत्या घरची, कोणाच्या हातची ही माहिती हरवत जाते. वस्तू वापरात आणि आपल्या घरीच राहावी, हे सर्वांत उत्तम. पण केळकरांपुढे पर्याय होता तो घर किंवा संग्रहालय असा नव्हता. भट्टी किंवा संग्रहालय, असा तो होता. वितळलेल्या पितळेला भूतकाळ नसतो. कपाटातील समई निदान पाहणाऱ्याला सांगू शकते की, कधीकाळी आमच्या प्रकाशात पोथ्या वाचल्या जात होत्या.

देऊन टाकणारा संग्राहक

संग्रहाच्या छंदात एक धोका दडलेला असतो. माणूस वस्तूंचा मालक होता होता वस्तू त्याच्या मालक होतात. आयुष्यभर जमवलेले हातून सोडणे भल्याभल्यांना जमत नाही. केळकरांनी हयातीतच आपला सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तूंचे विक्रीमूल्य दिवसेंदिवस वाढत होते, त्या त्यांनी समाजाच्या हवाली केल्या. पुरावस्तूंच्या निर्यातीला आळा घालणारा केंद्र सरकारचा कायदा १९७२ साली झाला. त्याआधी कितीतरी दशके हा माणूस अशा वस्तू देशात, गावात, लोकांच्या नजरेसमोर राहाव्यात म्हणून झटत होता.

१७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आज या संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. जागेअभावी त्यांतील सुमारे अडीच हजारच प्रेक्षकांना पाहता येतात. उरलेल्या कोठारात आपल्या पाळीची वाट पाहत आहेत.

माळ्यावरची पेटी

केळकरांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? प्रत्येकाने संग्रहालय उभारावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु माळ्यावरची पेटी मोडीत देण्याआधी एकदा उघडून पाहणे सर्वांना शक्य आहे. समईवर नक्षी असेल तर ती चिंच आणि राख लावून जोरजोराने घासू नये. दर घासणीला नक्षीची एक रेघ पुसट होते. जुन्या तांब्या-पितळेवर चढलेली काळसर झाक म्हणजे मळ नव्हे, ते त्या धातूचे वय आहे. लाकडी पेटी उन्हात तापवू नये, ओलीतही ठेवू नये आणि पावसाळ्यात वाळवीची माती दिसते का ते पाहत राहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती वस्तू कोणाची, कोणत्या गावची, कशासाठी वापरत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून त्या वस्तूसोबत ठेवावे. वस्तू पुन्हा दुरुस्त करता येते. सांगणारे माणूस गेले की तिची हकिगत मात्र परत मिळत नाही.

काटेवाडीच्या वाटेवर अंथरलेले धोतर पालखी पुढे गेली की घडी घालून पुन्हा घरात जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा मानाने अंथरले जाते. साध्या वस्तूला मान देण्याची ही रीत आपल्या मातीत आहेच. एका चष्मेवाल्याने आपल्या मुलाच्या नावाने ती रीत साऱ्या महाराष्ट्रासाठी चालवली. आपण ती आपल्या घरापुरती चालवली, तरी त्या बालराजाच्या नावाचे सार्थक होईल.